मूळ रंग

खिडकीची चौकट कुजल्यापासून आतल्या खोलीची ओल काही हटत नव्हती. "ती खोली कोरडी झाल्याशिवाय मी बाळाला घेऊन येणार नाही," असं लेकीने शिवणवाल्या मावशींना बजावलं होतं. पण घर पडलं जुन्या वास्तूंच्या वारसा यादीतलं. चौकटीचा मूळ रंग कोणता, हे ठरल्याशिवाय नगरपालिका सुताराला हात लावू देईना. घर पडलं तरी चालेल, रंग चुकता कामा नये!

अखेर वारसा विभागाच्या बाई रंगाचे थर खरवडायला पातळ पातं घेऊन आल्या. कितीतरी दिवसांनी घरात दुसरा आवाज आला, म्हणून मावशी हरखून गेल्या आणि न विचारताच चहा टाकून आल्या.

"हा पांढरा माझा," पहिला पापुद्रा सुटताच मावशी म्हणाल्या. "खालचा हिरवा सासूबाईंचा. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती?"

बाई हसत हसत खरवडत राहिल्या. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली निळा. निळा मात्र पात्याला चिकटून आला.

"मावशी, हा ओला आहे."

"पाणी झिरपतं ना, बाई."

"पाणी नाही. रंगच ओला आहे." त्यांनी निळं झालेलं बोट पुढे केलं. ताज्या रंगाचा वास आला.

दोघी वाकून पाहू लागल्या. नखाएवढ्या त्या जागेत ब्रशचा एक केस अडकला होता. पलीकडून कुणी रंग देत असावं तसा तो सावकाश वर जात होता आणि पुन्हा खाली येत होता.

बाई मागे सरकल्या. मावशींनी मात्र चौकटीजवळ तोंड नेलं आणि दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तशा मायेने विचारलं, "कोण आहे?"

केस थांबला.