विजापूर रोडवरचं शेवटचं टेबल

उर्वी टेबलापाशी आली ती अडखळतच. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर गार घाम. "गूळ द्या... केळं... काहीतरी गोड," ती म्हणाली. टेबलावर मीठ घातलेल्या लिंबूपाण्याच्या ग्लासांची रांग होती. गोडाचा कण नव्हता.

मंद्रूप-सोलापूर शर्यतीतलं हे शेवटचं टेबल, इथून पुढं तीनच किलोमीटर. दरवर्षी इथं गुळाचे खडे नि केळी असायची. यंदा आयोजक मुकुंदसरांनी हुकूम काढला होता, "पाहुणीला शुगर आहे. गोड तिच्या नजरेलाही पडता कामा नये." पुण्याहून आलेल्या पाहुणीची सगळ्यांनी इतकी काळजी घेतली, की धावताना तिची साखर एकदम खाली जाऊ शकते का, हे तिला विचारायचंच राहून गेलं. तिच्याजवळची ग्लुकोजची पुडी वाटेत कुठंतरी पडली होती.

"आगं माझे बाई! समदं उचलून न्हेलं की मुकुंदसरांनी," शाळेच्या शिपाई फुलाबाई हातातला ग्लास तसाच धरून म्हणाल्या.

टेबलामागं उभ्या असलेल्या इंद्रायणीच्या पिशवीत चहाचा थर्मास होता. ती मंद्रूपच्या शाळेत खेळ शिकवते. सरांच्या हुकमातून तिनं स्वतःच्या चहापुरती सूट घेतली होती. तिचा हात पिशवीत गेला आणि क्षणभर तिथंच राहिला. क्षणभरच, पण तेवढ्यात तिनं घड्याळ पाहून घेतलं.

या रस्त्यावर बायकांमधला रेकॉर्ड इंद्रायणीचा. एकोणीस वर्षं झाली, कुणाला त्याला हात लावता आला नव्हता. शाळेच्या भिंतीवर तिचं नाव नि वेळ ऑइलपेंटनं लिहिलेली आहे, आणि अक्षरं जरा फिकी झाली की ती स्वतः ब्रश घेऊन उभी राहते. आणि ही पोरगी तिच्या त्या वेळेपेक्षा बरीच आधी इथवर येऊन पोचली होती. आली होती तीही कामावर. तिच्या दंडावर चिकटवलेलं, साखर मोजणारं रुपयाएवढं यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं तिला पाठवलं होतं. काल शाळेत भाषण, आज शर्यत, उद्या बार्शी. काल भाषण संपल्यावर पोरी त्या दंडाला हात लावायला झोंबत होत्या. ज्यांना इंद्रायणीनं बुटाच्या नाड्या बांधण्यापासून शिकवलं, त्याच पोरी. बाई कोपऱ्यात उभ्या आहेत याचं एकीलाही भान नव्हतं. इंद्रायणीचा नुसता जळफळाट झाला होता. हिचा आजारसुद्धा कौतुकाचा!

तरी पोरगी रस्त्यात कोसळावी असं काही तिच्या मनात नव्हतं. तिनं थर्मास काढला. "चहा हाय. साखर लई घालते मी. घे, पटापट पी."

उर्वीनं दोन ग्लास चहा घटाघटा संपवला आणि कडेच्या दगडावर बसली. साखरेचा आकडा तिच्या मनगटावरच्या घड्याळात दिसत होता. "शंभराच्या वर गेली की निघते," ती म्हणाली.

हिशेब सरळ होता. दहा मिनिटांत उठली तर रेकॉर्ड गेला, पंधरा मिनिटं बसली तर राहिला. इंद्रायणी तिच्यावर सावली पडेल अशी उभी राहिली आणि तिच्या मनगटाकडं बघत राहिली. अठ्ठावन्न. सदुसष्ट. एकोणऐंशी. आपल्याच हातानं पाजलेल्या चहाचा तिला राग आला.

नवव्या मिनिटाला उर्वीच्या ओठांवर रंग आला. "एकशे चार! हातपण थरथरत नाहीत आता. निघू ना, मॅडम? तुम्ही इतक्या पोरी तयार केल्यात, तुम्हीच सांगा."

इंद्रायणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जोरातच दाबला.

"बस गं पोरी. जिवापरीस शर्यत मोठी हाय का? अजून पाच-सा मिनटं बस."

उर्वी निमूट बसली.

ग्लास भरता भरता फुलाबाई थांबल्या. "बाई, गेल्या साली आपल्या शाळंतल्या सुकन्याचा पाय हितंच मुरगळला हुता, न्हाय का?"

"तिचं वेगळं होतं."

"व्हय. तिला तुमी पळीवलं की."

इंद्रायणीनं नजर घड्याळाकडं वळवली. मिनिटं सरली. एवढं अंतर एवढ्या वेळात आता कुणाच्यानं कापणं शक्य नाही, हे तिनं तीनदा मोजून पाहिलं. मग तिच्या मनावरचा भार उतरला. इतका हलका झाला तिचा जीव, की तिला स्वतःचीच शरम वाटली.

उर्वी उठली, नाड्या घट्ट केल्या. "काल भिंतीवर तुमची वेळ वाचली तेव्हापासून तीच डोक्यात घेऊन धावत होते," ती हसून म्हणाली. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर मला जाऊ दिलं असतं. मीपण वेड्यासारखी पळाले असते, आणि पुढं कुठंतरी पडले असते. तुम्ही स्वतः धावलेल्या आहात, म्हणून थांबवलंत."

आणि ती पाया पडायला वाकली. इंद्रायणीनं चटका बसावा तसे पाय मागं घेतले.

फुलाबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"द्या की आशीर्वाद, बाई," त्या म्हणाल्या. "पोरगी वाकलीया."