बिनचूक

इंदूरची मिल बंद झाली आणि तीस वर्षं मागापाशी उभे राहिलेले नथूआजोबा खाटेला खिळले. नात संबोधीने टीव्हीला गाण्याच्या गेमची चटई जोडली, तेव्हा कुठे तिच्या हट्टापायी ते उठले. पडद्यावर बाण येई, ठेक्यात चटईवरच्या तशाच बाणावर पाय द्यायचा. आजोबांना मागाची खटखटच परत मिळाली. फक्त एक पाय चुकला रे चुकला, की ते झटकन वाकून बटण बंद करत. “आजोबा, रुकू नका ना! एखादा चुकला तर चलता है!” “नाही बेटा. धागा तुटला, की मशीन रोकायची. नाहीतर पुढचं सगळं कापड बिघडतं.” आज मात्र अख्खं गाणं बिनचूक झालं. संगीत थांबलं, पडदा काळा पडला आणि संबोधी टाळ्या पिटत सुटली. आजोबा चटईवरून हलेनात. “एकपण धागा तुटला नव्हता ना! मग बंद का केली?”