बुवांच्या कपाळावरचा बुक्का

या, अंमळ जवळ सरकून बसा. कालिंदीताईंची गोष्ट सांगायची आहे.

वडिलांच्या, गोवर्धनबुवांच्या, कीर्तनाची एकच व्हीसीडी त्यांच्याकडे उरली होती. घरात बुवांचा दुसरा फोटोसुद्धा नव्हता. दर दसऱ्याला त्या तिला भक्तीने हळदकुंकू वाहायच्या, आणि त्यानेच तिचा चकचकीत थर पोखरला गेला.

"एकदाच चालेल, मावशी," जुन्या तबकड्या लावून देणारा सलीम म्हणाला. "डीव्हीडी असती तर चेहरा नीट मिळाला असता. यात चेहऱ्याच्या जागी नुसत्या ढोबळ रंगीत चौकटी. हल्लीची यंत्रं त्या दाखवतच नाहीत, मधलं सगळं अंदाजाने भरतात."

"भरू दे बाबा. मला आबा बघायचेत."

पडद्यावर बुवा उभे राहिले, अगदी लख्ख. पुढचा तिरका दात सरळ झाला होता. कपाळावरचा बुक्का यंत्राने डाग समजून पुसला होता.

"हे माझे आबा नव्हेत. थांबव रे."

सलीमने तबकडी बाहेर काढली, तर थर सोलून निघाला होता.

कालिंदीताईंनी घट्ट डोळे मिटले. तिथेही आता तोच सरळ दातांचा माणूस हसत होता.

म्हणून विनवतो, तुम्ही तरी ध्यानात ठेवा: बुवांचा दात तिरका होता, आणि कपाळावर बुक्का होता.