पाय आधी भिजवायचे

सूर्य डोक्यावर आला तरी फुआतिनो खांबाला टेकून बसलेलीच होती. समोर अंगणात, तिच्या मुलाच्या नव्या थडग्याला लागून, सेमिसी गुडघे टेकून वाकला होता. डोक्यापासून पायापर्यंत त्याच्यावर मानाची चटई पांघरलेली. मागे खड्यांवर त्याच्या घरची माणसं, माना खाली घालून. पहाटे अंधारात आली होती, तेव्हापासून एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी या सेमिसीने दारू पिऊन पिकअप हाकली आणि त्यात तिचा मुलगा योआने गेला. एकोणीस वर्षांचं पोर. सामोआची रीत अशी, की मेलेल्याच्या घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर पुढचं तिचे पुतणे बघून घेणार. ते तिघे नीरफणसाखाली कोयते घेऊन बसले होते आणि नारळ सोलायला बसले नव्हते, हे साऱ्या गावाला कळत होतं.

"वहिनी," धाकटा दीर पेनियामिना हळूच म्हणाला. नवरा गेल्यापासून घराचा मुखिया तोच. "मुखिया मी असलो तरी पोर तुमचं होतं. मी चटईला हात लावणार नाही. पण काय ते ठरवा आता. ही पोरं फार वेळ दम धरायची नाहीत."

"देवाकडे बळ मागतेय," ती म्हणाली. "दिलं की उठते."

"सकाळी सातलाही हेच म्हणालात."

ती बळ मागत होती हे काही खोटं नव्हतं. पण मघाशी एक ढग सूर्यावर आला, तेव्हा ओठांवर प्रार्थना असतानाच तिच्या मनात आलं होतं, हो बाजूला मेल्या, भाजू दे त्याला चांगला. शरमेने तिने डोळे मिटून घेतले होते. तरी ढग सरल्याचं तिला बरोबर कळलं, आणि बरंही वाटलं.

गावातल्या साऱ्या घरांसारख्या याही घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. बाई उठत नाही, हे रस्त्यावरून सगळे बघत होते, आणि त्यातले निम्मे तिनेच चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेले. वीस वर्षं ती बायबलातली एकच गोष्ट सांगत आली होती. यार्देन नदी दुथडी भरून वाहतेय, देव म्हणतो पलीकडे जा, आणि पुढे चालणाऱ्या याजकांचे, म्हणजे पुजाऱ्यांचे, पाय पाण्यात पडेपर्यंत पाणी काही हटत नाही. पोरं मुकाट ऐकून घ्यायची. एका वर्षी एका कार्ट्याने तेवढा हात वर केला होता.

"बाई, पाय आधी भिजवायचे? आणि पाणी हटलंच नाही तर?"

"देव आहे तो," असं म्हणून फुआतिनोने त्याच्या डोक्यात हातातल्या पंख्याची टपली मारली होती. "तुझ्यासारखा शब्द देऊन पळणारा नव्हे."

सगळा वर्ग खो खो हसला होता. ते कार्टं म्हणजे हाच सेमिसी.

आणि आज बाई स्वतः काठावर बसल्यात, आधी पाणी हटव म्हणतायत. तिचे कान गरम झाले. कुठे तोंड लपवावं कळेना.

तेवढ्यात चटई कलली. खालून एक हात बाहेर आला आणि खड्यांवर टेकला. नीरफणसाखालचा थोरला पुतण्या उठला.

फुआतिनोही उठली. बळ आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं, छातीत सकाळचाच धोंडा होता. "देवा, माझ्याच्याने होत नाही," ती पुटपुटली. "तू आपल्या शब्दाला जाग म्हणजे झालं." ती पायरी उतरली. थडग्याजवळून जाताना तिने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत फिरली असती.

चटईपाशी पोचली, तो अनवाणी पावलांना खडे ओले लागले. ओले आणि कोमट. तिने खाली पाहिलं. चटईच्या काठाखालून ओघळ आला होता आणि मुताचा वासही येत होता.

"काकू, सरका," पुतण्या मागून म्हणाला.

तिने चटई उचलली. सेमिसीचे ओठ पांढरे पडले होते. मांड्यांवरची लुंगी भिजून काळी झाली होती आणि तो दोन्ही हातांनी ती झाकू बघत होता.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "बघू नका ना."

बावीस वर्षांचा बाप्या, पण आवाज वर्गातलाच. तिने मान वर केली. रस्त्यावर सगळं गाव टाचा उंचावून उभं होतं. पुतण्या दोन हातांवर.

ती मध्ये उभी राहिली, गावाकडे पाठ करून. सेमिसीला दंडाला धरून उठवलं आणि ती चटई त्याच्या कमरेभोवती गुंडाळली, तिथे लग्नात नवऱ्या मुलाला चटई नेसवतात तशी. एक वेढा, दुसरा वेढा. गाठ दोनदा सुटली. धोंडा होता तिथेच होता, पण हात चालत होते.

"वहिनी, अहो हे काय!" पेनियामिना घरातून ओरडला. "चटई आपण ठेवून घ्यायची असते! त्याला काय नेसवताय?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिसऱ्यांदा गाठ बसली. "भावजी, पाय धुवायला पाणी आणा. दोघांना पुरेल इतकं."