वस्ताद जेवायला बसले

परदेशी मोटारसायकल धुरळा उडवत रेघेपार गेली आणि वस्तादांचा चेहरा पडला. चालवणारी त्यांचीच मुलगी. पोलीस दलात तिच्याइतका तयार हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, म्हणून दोन्ही गाड्या तिनेच चालवायच्या असं ठरलं होतं. वस्तादांनी स्वतः इंजिन जुळवलेली कारखान्याची गाडीही तिने आधी जीव तोडून पळवली होती. पण पळण्यात ती मागे पडली ती पडलीच.

मैदानाच्या कडेला कारखान्याची माणसं उभी होती. पोलिसांनी देशी गाडी घेतली तर कारखाना चालणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तादांच्या काखेत जेवणाचा डबा तसाच होता. भूक केव्हाच मेली होती.

मुलगी हेल्मेट काढून पाणी प्यायला आली.

"तुला लाज वाटली नाही त्या परदेशी गाडीला एवढं पळवायला?" वस्ताद पुटपुटले.

"छानच पळते ती. साहेबांनी विचारलं तर तसंच सांगणार."

"आणि आपली?"

"बाबा, आपली आहे म्हणून घ्या, असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर ती आम्हाला चालवायचीय. चांगली ठरली तर घसा फोडून सांगेन."

वस्ताद लालबुंद झाले. मग त्यांच्या ध्यानात आलं की पोरगी अगदी त्यांच्याच तोंडचं बोलली. कारखान्यात कोणी ढिला नट 'चालून जाईल' म्हणालं की ते अस्सेच फाडकन बोलत.

"आम्हीही काही भीक मागायला आलो नाही," असं म्हणून ते दुसरीकडे बघू लागले.

आता एकच चाचणी उरली होती, मोर्च्याची. पोलिसांची मोटारसायकल चोराच्या मागे सुसाट सुटते ती एखाददुसऱ्या वेळी; बाकी तिचा सारा जन्म लोकांच्या मागे रांगण्यात जातो. पोलिसांच्या मोठ्या साहेबांनी कारखान्याच्या माणसांनाच मोर्चेकरी करून मैदानात उतरवलं आणि मागे परदेशी गाडी लावली. ऊन मी म्हणत होतं. लोक रमतगमत चालले, गाडी मागून रांगली. तिचा पंखा घोंघावायला लागला, तापल्याचा लाल दिवा लागला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन ती गप्पकन बंद पडली.

"निवली की होईल सुरू," तिच्या कंपनीचा माणूस घाईघाईने म्हणाला.

"तोवर मोर्चा थांबेल का?" साहेबांनी विचारलं.

कोणीतरी टाळी वाजवली. वस्तादांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. आपली गाडी अजून जायची होती.

ती निघाली आणि लोक भराभरा चालायला लागले. तिला फार तापू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात. वस्तादांचं डोकं फिरलं.

"हळू!" ते गरजले. "त्या परदेशी गाडीपुढे चाललात तसेच चाला. त्याहून हळू!"

आणि ते स्वतःच गाडीच्या पुढ्यात येऊन जिवावर आल्यासारखे पाय ओढत चालू लागले. मुलीला दोन्ही पाय जमिनीला टेकावे लागले.

"बाबा, याहून हळू म्हणजे उभंच राहायचं!"

"मग राहा उभी," वस्ताद म्हणाले. मैदानाच्या ऐन मध्यावर, पुढच्या चाकाकडे पाठ करून त्यांनी मांडी घातली आणि डबा उघडला.

साहेब धावत आले. "अहो, हे काय चाललंय?"

"जेवतोय."

साहेबांना काही उमजेना. मुलीला मात्र उमजलं. कारखान्याची रीतच होती ती. ज्याने इंजिन जुळवलं त्याने ते चालू ठेवायचं आणि शेजारी जेवायला बसायचं. मध्येच बंद पडलं तर डबा झाकून उठायचं, ते नीट होईपर्यंत उपाशी. तिच्या लहानपणी बाबांचा परत आलेला डबा जड लागला की आई डोळ्यांनी खूण करायची आणि त्या संध्याकाळी घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

"साहेब, मोर्चा रस्त्यातच बसलाय असं समजा," ती म्हणाली. "बसतातच की."

साहेबांना हसू आलं. ते तिथेच उभे राहिले.

वस्तादांना पहिला घास गिळवेना. पाठीवर इंजिनाची धग येत होती. पुढचा घास उचलला तर ठोका चुकल्यासारखा वाटला आणि हात तोंडाशीच थांबला. मग त्यांना कळलं, चुकला तो त्यांच्याच काळजाचा ठोका. इंजिन आपलं मजेत चालू होतं.

मग मात्र ते जेवले. सुट्टीच्या दिवशी घरी जेवतात तसे, चवीचवीने. सगळी माणसं भोवती गोळा झाली. परदेशी कंपनीचा माणूससुद्धा डोक्यावर रुमाल टाकून बघत उभा राहिला. शेवटचा घास गेला, बोटं चाटून झाली, वस्तादांनी ढेकरही दिली. इंजिनाने त्यांना जेवणावरून उठवलं नाही.

"तुमचं काय मत?" साहेबांनी मुलीला विचारलं.

"हीच घ्या, साहेब! हीच!" तिचा आवाज फाटला.

"घेतली," साहेब म्हणाले.

मैदानात एकच कल्ला उठला. लोकांनी वस्तादांना बसल्या जागेवरून उचललं. ते हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच.

मुलीने गाडीवरून उतरून घरी फोन लावला. पलीकडून आईचा आवाज आला, "काय झालं गं? बोल ना लवकर!"

मुलीने वाकून डबा उचलला आणि उलटा करून पाहिला.

"आई," ती म्हणाली, "बाबांचा डबा रिकामा आहे."