भरतपूरचा फोटो

“हा नको,” सुनेत्रा म्हणाली.

राजननं मान वर केली. जेवणाच्या टेबलावर त्यानं फोटो ओळीनं मांडले होते. जयपूरच्या महाराष्ट्र मंडळात संक्रांतीला त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं आणि बारा फोटो निवडायचे होते. अकरा झाले होते. बेलूरची आरशात बघणारी दगडी सुंदरी, म्हैसूरच्या बागेतली कारंजी, उटीचे गुलाब, रणथंभोरचं सांबर. तो एकेक उचलून दाखवायचा, ती “चांगला आहे” म्हणायची आणि मेथी निवडत राहायची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. त्याच्या फोटोंबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नव्हती.

“हा नको? अगं, हाच तर खरा!”

हा म्हणजे भरतपूरचा. एक्याण्णव सालचा डिसेंबर. धुकं नुकतंच विरतंय, उथळ पाण्यात सारसांची जोडी उभी आहे आणि दोघांच्या मधोमध तपकिरी डोक्याचं पिल्लू. राजन तेव्हा विमा कंपनीत बदली होऊन जयपूरला नवीनच आला होता. ओल्या गवतात पोटावर पडून त्यानं तीन तास वाट बघितली होती, तेव्हा कुठे ते पिल्लू मधे आलं. पुढे कंपनीच्या कॅलेंडरवर तो फोटो छापला गेला. मग राजननं तो मोठा करून घेतला आणि आदर्श नगरच्या या घरात, पुढच्या खोलीत लावला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तीन तास ऐकावे लागत.

एवढ्यात फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर घेतला. मंडळाची कीर्ती होती. जयपूरमध्येच जन्मलेली, आयटीत नोकरी करणारी, प्रदर्शनाची सगळी धावपळ तिच्याच अंगावर.

“काका, लिस्ट झाली? आणि मेन फोटोच्या खाली, मतलब, नाव काय लिहायचं?”

“भरतपूरचा घे. खाली लिही, ‘कुटुंब’. मोठ्या अक्षरात.”

“वाह काका! आणि काकूंना पण आणा हं. तुम्ही दोघं त्या फोटोजवळच उभे राहा. सगळ्यांना ती तीन तासांची गोष्ट सांगा.”

त्यानं हसत फोन ठेवला. सुनेत्राचे हात थांबले होते.

“मी नको म्हणाले होते.”

“पण का?”

ती फोटोतल्या पिल्लाकडे बघत होती. मग त्याच्या लक्षात आलं. आपण हे विसरलो कसे, म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली. ते झालं होतं त्याच सहलीत. तिला चौथा महिना होता. संध्याकाळी हॉटेलवर पोटात दुखायला लागलं, त्यानं धावाधाव करून जीप मिळवली, पण जयपूरचं हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे त्यांना मूल झालंच नाही. राजननं तिला त्यावरून एका शब्दानं कधी दुखावलं नव्हतं. ती रडायला लागली की तो जवळ बसायचा आणि म्हणायचा, यात कुणाचीच चूक नव्हती. काही वर्षांनी तिनं त्याच्यासमोर रडणं सोडून दिलं.

आताही त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

“सुनेत्रा, तेहेतीस वर्षं झाली त्याला. कुणाचीच चूक नव्हती त्यात. आणि हा फोटो तर सकाळचा आहे.”

“हो. दुखायला लागलं तेही सकाळीच.”

त्याला कळेना. “संध्याकाळी. हॉटेलवर. तूच सांगितलंस डॉक्टरांना. मी शेजारी उभा होतो.”

“तुम्ही शेजारी उभे होतात, म्हणूनच तसं सांगितलं.”

बाहेर रस्त्यावर भाजीवाला गाडी ढकलत, मटारचा भाव ओरडत गेला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला.

“फोटो घरात होता तोवर मी काही बोलले नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. “चार माणसं यायची, मी मान खाली घालून चहा द्यायची. पण तिथे शंभर लोकांत तुम्ही ते तीन तास सांगणार आणि मी शेजारी उभी राहणार. तेवढं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

राजननं फोटो जवळ ओढला. पाणी, धुकं, लाल मानांचे ते दोन उंच पक्षी, मधलं पिल्लू. सगळं जसंच्या तसं होतं. त्या सकाळी आपल्या पाठीमागे काय होतं, ते त्याला आठवेना. कच्चा रस्ता असणार. सायकलरिक्षा असणार. रिक्षात शाल पांघरून ती बसलेली असणार. कोणत्या रंगाची शाल, तेही त्याला सांगता आलं नसतं.

“पन्नास पावलांवर तर होतो मी,” तो म्हणाला. “हाक मारायची ना, सुनेत्रा. एक हाक मारायची.”

“दोनदा मारली. पक्षी उडतील म्हणून तुम्ही मागे न बघताच हात हलवलात, गप्प राहा म्हणून.” तिनं मेथीच्या काड्या ओंजळीत गोळा केल्या आणि ती उठली. “मग तिसऱ्यांदा नाही मारली.”