सर्दीतला रविवार

"ओठ मीट आणि गुणगुण," तो म्हणाला.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. तिने ओठ मिटले आणि नाकातून एका जुन्या गाण्याची ओळ सुरू केली. पहिले दोन सूर बरे लागले, तिसऱ्याला नाकाने दगा दिला. तिने तो खोकल्यात दडवला. पण नवरा लिफ्ट तपासायच्या नोकरीत होता. दोराची एक तार तुटली तरी त्याला आवाजावरून कळायचं, तिथे बायकोचं नाक ते काय!

"सर्दी झालीय तुला."

"सकाळी होती. थेंब घातलेत नाकात. आता मोकळं आहे."

"थेंबांचा असर उतरतो. तोंड बंद असताना उतरला तर श्वास कुठून घेशील? कानातून?"

त्याने हातातला पट्टा परत मऊ कापडात गुंडाळला. तोंडावरून बांधायचा साधा चामड्याचा पट्टा, मधोमध दातांत धरायचा रबरी दांडा. दोघांनी मिळून निवडला होता आणि निवडताना दोघंही कानापर्यंत लाल झाली होती.

तिचं काम फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. माफ करा, समजू शकते, एक मिनिट थांबा. घरी आलं की आईचा फोन, मग बहिणीचा, मग शेजारीण. सगळ्या जगाला तिच्याकडून उत्तर हवं असायचं. फक्त या खोलीत, हात बांधलेले आणि दातांत तो दांडा असताना, तिच्याकडे कुणी काही मागत नसे. अशी शांतता तिला दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती. नवरा महिना महिना परगावी असायचा. कुणीतरी फोनवर शिव्या घालत असताना ती खिडकीबाहेर बघत या खोलीची वाट पाहायची. त्याच्या हातांची तर जास्तच.

आणि तो आला की त्याचे नियम यायचे. तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा, नको वाटलं की खाली टाकायचा. उशाशी कात्री. उताणं झोपायचं नाही, कुशीवरच. थोडा वेळ झाला की पुरे. आणि मुख्य म्हणजे तो खोलीबाहेर पाऊल टाकत नसे. एकदा दारावरची बेल दाबून दाबून तिची सख्खी बहीण परत गेली होती आणि पुढे आठवडाभर फुगून बसली होती. हे सगळं तो इतक्या थंड चेहऱ्याने करायचा की तिला वाटे, हा आपला लिफ्टच तपासतोय. गेले काही महिने तिच्या मनात एक शंका घर करून होती. याला यात काहीच वाटत नाही. बायकोचा हट्ट म्हणून पुरवतोय बिचारा.

आज ती शंका ओठांवर आली.

"तुझं मन नाही, असं सरळ सांग. माझ्या सर्दीवर कशाला ढकलतोस? मी महिनाभर झुरायचं आणि तू येऊन नाकाने कांदे सोलायचे!"

तो रागावला नाही. मग त्याने कापड पुन्हा उलगडलं आणि पट्टा तिच्या हातात ठेवला.

"माझं नाक मोकळं आहे. आज तू मला बांध."

इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. त्याने ओठ मिटून पूर्ण ओळ गुणगुणली, इतकी बेसूर की तिला रागातही हसू फुटलं. तिने त्याचे हात बांधले, गाठीखाली बोट जातंय ना ते पाहिलं. किल्ल्या मुठीत दिल्या. पट्टा लावला, त्याला कुशीवर वळवलं आणि शेजारी बसली.

आधी मजा वाटली. एवढा मोठा गडी, आणि कसा गप्प पडलाय! मग दोन श्वासांच्या मधे त्याची छाती जराशी थांबल्यासारखी वाटली. ती पुढे झुकली. श्वास आला. त्याने आवंढा गिळला. नीट गिळला ना? बोटं गार आहेत का? तिने चाचपून पाहिली, गरम होती. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. आईचा असणार. ती उठली नाही. त्याचे डोळे मिटलेले होते, मूठ घट्ट होती. आणि अचानक तिच्या मनात आलं, याची शुद्ध हरपली तर मूठ सैल पडेल, की अशीच आवळलेली राहील? हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता. तिची मूठ असायची ना ती.

त्याच्या घशात काहीतरी घरघरलं. तिने धडपडत बक्कल सोडलं.

"मी किल्ल्या टाकल्या नव्हत्या," तो जबडा चोळत म्हणाला. "का काढलंस?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि थेंबांचा असर केव्हाच उतरून नाक गच्च झालं होतं. ती तोंडाने श्वास घेत होती. ते तिच्या लक्षात आलं तशी ती त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून तशीच बसून राहिली. त्याने आपले बांधलेले हात तिच्या गुडघ्यावर ठेवले.

"भीती वाटली रे," ती शेवटी म्हणाली. "तुला कशी वाटत नाही?"

"दर वेळी वाटते," तो म्हणाला. "आणि तरी महिनाभर तिकडे मी याच रविवारची वाट बघतो."